आवडीचा अखत्यार

गाणे, चित्रपट किंवा रंगभूमीवरील एखादा प्रसंग यांविषयी सहज बोलता बोलता जे मत आपण देऊन टाकतो, आणि कोणी त्याला हरकत घेताच ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून लगोलग जे परतही घेतो, त्या मताचे स्वरूप नेमके काय, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे अस्वस्थ करीत आला आहे. हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. कारण ज्या वस्तूंविषयी ही मते दिली जातात त्या हल्ली हातातल्या फोनच्या पडद्यावर अर्ध्या-एक मिनिटाच्या क्लिपांच्या रूपाने येतात आणि जातात. एकाच संध्याकाळी माणूस जुन्या नाट्यपदाचा तुकडा, दाक्षिणात्य चित्रपटातील मारामारी, कोण्या कव्वालाची तान आणि परदेशी मुलांचे नृत्य पाहतो व प्रत्येकावर एका शब्दात फैसला देऊन पुढे सरकतो. परंतु ज्या अर्थी हा फैसला तो इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे देतो, त्या अर्थी सौंदर्याविषयी, स्वतःविषयी आणि शेजारी बसलेल्या माणसाविषयी काही एक तत्त्वज्ञान त्याने मनात गृहीत धरलेले असलेच पाहिजे; आणि ते तत्त्वज्ञान तपासून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

‘ज्याची त्याची आवड’ हे वचन सामान्यतः सहिष्णुतेचे मानले जाते. मला ते तसे वाटत नाही. ज्याच्याशी मतभेद व्हावा इतकीही किंमत ज्याच्या बोलण्याला आपण देत नाही, त्याला आपण सहन करतो असे म्हणणे सत्याला धरून नाही. आपण त्याला विचारातूनच वगळलेले असते. दोन माणसे एका गाण्यावरून तावातावाने भांडतात तेव्हा त्या भांडणात निदान एवढी श्रद्धा असते की आपल्या दोघांच्या पलीकडे, त्या गाण्यात, काहीतरी आहे आणि ते दुसऱ्यालाही दिसू शकेल. ही श्रद्धा खरी की खोटी, एवढाच या लेखाचा विषय आहे; आणि ती खरी आहे, परंतु तिला मर्यादा आहेत, असे माझे म्हणणे आहे.

ज्ञानाच्या प्रामाण्याविषयी आपल्याकडील दर्शनकारांत जो प्रदीर्घ वाद झाला तो या ठिकाणी उपयोगी पडतो. मीमांसकांच्या मते ज्ञान उत्पन्न होते ते आपले प्रामाण्य बरोबर घेऊनच. त्याला बाहेरचा जामीन लागत नाही, लागतो तो ते खोटे ठरविण्यासाठी. नैयायिकांना हे मान्य नाही. समोर पाणी दिसले एवढ्याने ते पाणी ठरत नाही. त्या दिशेने चालत गेल्यावर तहान भागली तर ते पाणी, नाहीतर मृगजळ, असा त्यांचा निवाडा. आता ‘हे गाणे मला आवडले’ आणि ‘हे गाणे चांगले आहे’ ही दोन विधाने समोरासमोर ठेवून पाहावीत. पहिल्या विधानाला मीमांसकांचा न्याय बिनतक्रार लागू पडतो. मला आवडले की नाही याविषयी माझ्याहून अधिक अधिकारी साक्षीदार त्रिभुवनात नाही. दुसरे विधान मात्र नैयायिकांच्या कचेरीत रुजू व्हावे असे आहे. ते खरे की खोटे हे पुढे चालत गेल्यावर, पुन्हा ऐकल्यावर, इतरांनी ऐकल्यावर ठरावयाचे असते. आपली नित्याची लबाडी अशी की बोलताना आपण दुसरे विधान करतो आणि कोणी पुरावा मागितला की पहिल्या विधानाच्या आश्रयाला जाऊन बसतो.

कान्टने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तिसऱ्या मीमांसाग्रंथात हाच भेद वेगळ्या वाटेने मांडला. कॅनरी बेटांवरची मदिरा मधुर आहे असे म्हणणाऱ्याला कोणी ‘तुम्हाला मधुर लागते असे म्हणा’ म्हणून दुरुस्ती सुचविली तर तो ती खुशाल मान्य करतो. पण एखादी इमारत किंवा एखादे काव्य ‘माझ्यापुरते सुंदर आहे’ असे म्हणणे त्याला हास्यास्पद वाटते, कारण सुंदर म्हणताना तो सर्वांच्या वतीने बोलत असतो आणि सर्वांनी आपल्याशी सहमत व्हावे अशी मागणी करीत असतो. ही मागणी तो प्रमाणांनी सिद्ध करू शकत नाही, आणि तरीही ती सोडून देऊ शकत नाही. आमच्याकडे रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४ सालच्या ग्रंथात कान्टच्या या विचाराचा जो सूक्ष्म ऊहापोह केला आहे, तो वाचल्यापासून कोणी सहज ‘काय सुंदर गायले आहे!’ असे म्हटले की त्या उद्गारात सर्व मनुष्यजातीला धाडलेले एक आवाहन मला ऐकू येते.

यावर एक आक्षेप ताबडतोब येईल, आणि तो बहुधा माझ्या वयाच्या लोकांकडून येईल. ते म्हणतील की असे आवाहन करण्याचा हक्क ज्याने कृती सबंध अनुभवली त्याला. अर्ध्या मिनिटाचा तुकडा पाहणाऱ्याला तो कसला आला? हा आक्षेप मला जसाच्या तसा मान्य करता येत नाही. नवव्या शतकातील काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात स्पष्ट म्हटले आहे की अमरू कवीचे एकेक सुटे मुक्तक शृंगाररसाने असे ओथंबलेले असते की ते अख्ख्या प्रबंधाच्या तोलाचे ठरते. चार चरणांत जे मावू शकते ते मोठ्या काव्यात कधी कधी विखरून जाते, हे त्याला ठाऊक होते. शिवाय तुकड्यांची आवड ही काही फोनने आम्हाला लावलेली नाही. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले, गोविंदराव टेंब्यांनी त्याला चाली दिल्या आणि बालगंधर्वांच्या पदांना प्रेक्षक ‘वन्समोअर’ देऊ लागले, तेव्हा नाटकातली भामिनी आपली गोष्ट थांबवून तेच पद पुन्हा गात असे आणि बाकीची पात्रे तिष्ठत असत. अखंड नाटकातून आपल्याला हवा तेवढा भाग तोडून घेण्याचे काम तेव्हाचा प्रेक्षक नाट्यगृहात बसूनच करीत होता. त्या वहिवाटीला त्या काळीही नावे ठेवणारे होते. पण त्याच वहिवाटीतून नाट्यपद बैठकीत गेले, तबकडीवर गेले आणि नाटक न पाहिलेल्या घराघरांत पोचले.

तबकडीचा दाखला तर याहूनही बोलका आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हापासून पुढे कैक दशके आपल्या गवयांना आपली सारी तपश्चर्या तीन-साडेतीन मिनिटांत बसवावी लागली. रागाची बढत ज्यांच्या घराण्यात तास तास चाले त्यांना ही शिक्षाच होती, आणि पुष्कळांनी तबकडीकडे पाठ फिरविली ती उगीच नव्हे. परंतु मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका ज्याने ऐकली आहे तो असे म्हणणार नाही की त्या तीन मिनिटांत काही कमी पडले. खाँसाहेब १९३७ साली गेले; त्यानंतर जन्मलेल्या आम्हा सर्वांना ते त्या तेवढ्याच मिनिटांपुरते भेटले आहेत, आणि तेवढ्या भेटीच्या आधारावर आम्ही त्यांना थोर म्हणतो, ते मला सर्वस्वी न्याय्य वाटते. त्या सुरात घाई नाही. वेळ थोडा आहे ही जाणीव गाणाऱ्याला असूनही सुराला ती शिवलेली नाही, आणि हे ओळखण्यास तीन मिनिटे पुष्कळ झाली.

तेव्हा तुकडा आखूड आहे ही त्याच्याविरुद्धची फिर्याद टिकत नाही. दुसरी एक फिर्याद मात्र टिकते. अमरूचे मुक्तक किंवा खाँसाहेबांची ठुमरी ही लहान असली तरी लहान म्हणूनच घडविलेली आहे. तिचा आदि आणि अंत कर्त्याने ठरविला आहे. परक्या हाताने मोठ्या कृतीतून छाटून काढलेला तुकडा हा निराळा प्रकार होय. प्रभात फिल्म कंपनीच्या, दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केलेल्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात मूल आजारी पडलेले असताना जिजाई हातात पायताण घेऊन देवळात शिरते आणि विठोबाला जाब विचारते, हा प्रसंग ज्यांनी सबंध चित्रपटात पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की भक्तीचे इतके उघडेवाघडे, इतके संसारी दर्शन आपल्या पडद्यावर क्वचितच घडले असेल. तिच्या नवऱ्याला ज्या देवाने घरातून उचलून नेले त्याच देवाशी ती हक्काने भांडते आहे. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यावर कोणी पायताण उगारीत नाही. गौरी या नटीने ते काम असे केले आहे की तुकोबांच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनिसांच्या सोज्ज्वळ, डोळे मिटलेल्या भक्तीच्या शेजारी जिजाईची ही तोंडाळ भक्ती तसूभरही उणी वाटत नाही. आता हाच प्रसंग मागचेपुढचे सारे काढून टाकून वीस सेकंदांचा करून दाखवावा. एकाला ते विनोदी वाटेल, दुसऱ्याला देवाची विटंबना वाटेल, तिसरा जुन्या काळच्या अभिनयावर शेरा मारील. तिघांचीही प्रतिक्रिया प्रामाणिक असेल आणि तिघांपैकी एकानेही जिजाईला पाहिलेले नसेल. भरताच्या परिभाषेत बोलायचे तर येथे अनुभाव तेवढा शिल्लक राहिला आहे आणि विभाव कापून टाकला आहे. राग दिसतो, राग कशाचा ते दिसत नाही. असा तुकडा पाहून ‘आवडले’ म्हणण्यास प्रत्यवाय नाही, परंतु ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ म्हणण्याचा अखत्यार त्या तुकड्याने आपल्याला दिलेलाच नसतो.

याहून खोल अडचण मात्र तुकड्यात नाही, ती पाहणाऱ्यात आहे, आणि तिचे निदान इसवी सनाच्या १००० च्या सुमारास अभिनवगुप्ताने करून ठेवले आहे. नाट्यशास्त्रावरील त्याची ‘अभिनवभारती’ शतकानुशतके जवळजवळ लुप्त होती. विसाव्या शतकात बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने ती छापण्यास घेतली, तिचा पहिला खंड १९२६ साली निघाला, आणि र. पं. कंगल्यांच्या ‘रस-भाव-विचार’मुळे तिचा रसविषयक भाग मराठी वाचकाच्या हाती आला, हे आपले भाग्य म्हटले पाहिजे. त्या टीकेत रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी तिसरे विघ्न म्हणजे स्वतःच्या सुखदुःखांनी विवश होणे, आणि त्याच्या अलीकडचे दुसरे म्हणजे समोरचा भाव हा माझाच आहे किंवा अमक्या परक्याचाच आहे अशा हिशेबाने त्याला देशकालात जखडून ठेवणे. आपल्या सहज मतांपैकी फार मोठा हिस्सा या दोन विघ्नांतून जन्मतो. ज्या वर्षी नोकरी लागली त्या वर्षीचे गाणे चांगले. ज्या नटासारखा आपला कोणी मित्र दिसत असे तो नट थोर. जो आवाज एखाद्या नकोशा उन्हाळ्यात शेजारच्या लाउडस्पीकरवरून ऐकावा लागला तो कर्कश. ही मते गाण्याविषयीची वाटतात, पण खरे पाहता ती आपल्या आयुष्याची कैफियत असतात. कैफियतीला मी कमी लेखीत नाही. एखादा वृद्ध माणूस जुन्या चित्रपटगीताचा तुकडा ऐकून डोळे पुसतो तेव्हा त्याच्या त्या अश्रूंना सौंदर्यशास्त्राच्या दप्तरात जागा नसली तरी मनुष्याच्या दप्तरात आहे. माझे म्हणणे इतकेच की कैफियत ही कैफियत म्हणून द्यावी. तिच्यावर फैसल्याची मोहर उठवू नये.

येथे धर्माचा प्रश्न आपोआप उपस्थित होतो, आणि मला वाटते तोच या सगळ्याचा गाभा आहे. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून माडगूळकरांचे आणि सुधीर फडक्यांचे गीतरामायण सुरू झाले आणि वर्षभर त्याची ५६ गीते प्रसारित झाली. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ते ऐकणारी कुटुंबे त्या काळी होती. माझ्या आत्याबाई त्यांपैकीच. त्या हात जोडून बसत, डोळे मिटत, आणि गीत संपले की रेडिओलाच नमस्कार करून उठत. एकदा घरात कोणीतरी त्यांना विचारले की आजचे गीत मागच्यापेक्षा अधिक आवडले का. त्यांना तो प्रश्नच कळला नाही. “अरे, रामाचं आहे ते,” त्या म्हणाल्या, “त्यात आवडायचं-न आवडायचं काय?” त्यांच्या या उत्तराचा मी पुढे पुष्कळ विचार केला. अभिनवगुप्ताच्या कसोटीने पाहिले तर त्यांच्या ऐकण्यात विघ्न होते. राम त्यांच्या लेखी काव्यातला नायक झालाच नाही, तो त्यांचा राम राहिला, आणि त्याचे दुःख साधारण होऊन सर्व सहृदयांचे झाले नाही, ते त्यांच्या देव्हाऱ्यातच राहिले. काश्मीरच्या आचार्यांनी भक्तीला स्वतंत्र रसाचे पद दिले नाही, यामागे हीच शंका असावी असे मला वाटते. उलट सोळाव्या शतकात रूपगोस्वामींनी भक्तिरसामृतसिंधूत भक्ती हाच मुख्य रस म्हणून प्रतिष्ठित केला. त्यांच्या दृष्टीने आपल्या देवाशी असलेले आपले नाते सोडून देणे ही रसाची पूर्वअट होऊच शकत नाही, कारण ते नाते हाच रसाचा प्राण होय.

या दोहोंत निवाडा करण्याची माझी पात्रता नाही आणि तशी येथे आवश्यकताही नाही. आत्याबाईंच्या उत्तरातली जी गोष्ट मला अनमोल वाटते ती अशी की त्यांनी मत देण्याचेच नाकारले. आपण जे करीत आहोत ते श्रवण नसून उपासना आहे, आणि उपासनेत चालींची प्रतवारी करावयाची नसते, एवढे भान त्यांना होते. आज भक्तिगीतांच्या ज्या असंख्य क्लिपा फिरतात त्यांभोवती हे भान हरपले आहे. मागे देवाचे चित्र, पुढे यंत्राने सरळ केलेला निर्जीव आवाज, खाली कानठळ्या बसविणारा ठेका, असा एखादा प्रकार कोणाला भिकार वाटला आणि त्याने तसे म्हटले तर तो देवाचा अपमान समजला जातो; आणि गाणाराही आपल्या बेसूरपणाच्या रक्षणार्थ देवाला पुढे उभे करतो. असे करण्याने गाण्याचे नुकसान होते हे उघड आहे, पण त्याहून अधिक नुकसान भक्तीचे होते, कारण जी भक्ती टीकेला भिते ती लोकांच्या पसंतीच्या आकड्यावर जगू लागते. ज्ञानोबा-तुकोबांच्या वारकरी परंपरेला असली भीती नव्हती. कीर्तनकाराला चाल सोडावी लागली, टाळकऱ्याला ताल चुकल्याबद्दल फडातच कानउघाडणी ऐकावी लागली, तरी त्यात विठ्ठलाचा अवमान झाला असे कोणाला वाटले नाही.

‘संत तुकाराम’ चित्रपटातीलच आणखी एक गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. ‘आधी बीज एकले’ ही त्यातील रचना शांताराम आठवल्यांची. चित्रपटासाठीच लिहिलेली, आणि केशवराव भोळ्यांनी संगीत दिलेली. पण ती तुकोबांचाच अभंग समजून अनेकांनी मानली, गायिली, मनात ठेवली. ज्यांनी असे केले त्यांचे मत चुकले काय? ते शब्द-प्रमाणाच्या बाबतीत चुकले, यात संशय नाही. संतवचन म्हणून जिला मान दिला ती एका चित्रपटकवीची रचना निघाली. पण आस्वादाच्या बाबतीत त्यांचे काय चुकले, ते मला दाखवून देता येत नाही. त्या रचनेतला सोपेपणा, एका बीजातून सारा विस्तार व्हावा ही कल्पना, आणि तिची चाल, ही त्यांना थोर वाटली आणि ती थोर आहेतही. कर्ता कोण हे कळल्यावर ज्याने आपली स्तुती मागे घेतली असेल, त्याची स्तुती नावाला होती असे म्हणावे लागेल. आणि ज्याने ती कायम ठेवली त्याच्या मताला त्या दिवसापासून नैयायिकांचे प्रामाण्य लाभले. आपल्या प्रत्येक सहज मताची ही परीक्षा करता येईल. पडद्यावरचे नाव झाकावे, ते गाणे किती लाखांनी पाहिले तो आकडा झाकावा, आपल्याला ते कोणी पाठविले हेही विसरावे, आणि मग पुन्हा ऐकावे. माझ्या अनुभवात पुष्कळ मते या परीक्षेत गळून पडतात, आणि जी उरतात ती अनपेक्षित असतात.

मग सामान्य माणसाने मत देऊच नये काय? तसे मी मुळीच म्हणत नाही, आणि भरतमुनीही म्हणत नाहीत. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाची सिद्धी कशी ओळखावी याचा जो विचार आहे तो मला त्या सबंध ग्रंथातला सर्वांत माणुसकीचा भाग वाटतो. प्रयोगाविषयी वाद झाला तर निर्णय देण्यास तेथे दहा प्रकारचे प्राश्निक सांगितले आहेत: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, वैयाकरण, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, गणिका, गवई आणि राजसेवक. यांतला प्रत्येक जण आपापल्या विषयापुरता अधिकारी. रंगमंचावर कोणी धनुष्य कसे धरले हे धनुर्धराने सांगावे, शृंगारातला उपचार खरा की खोटा हे गणिकेने सांगावे, आणि वैयाकरणाने त्यात तोंड घालू नये. शिवाय प्रेक्षकाचे सारे गुण एकाच माणसात सापडणे शक्य नाही, कारण जाणण्याजोगे अपार आहे आणि आयुष्य थोडे, अशी स्वच्छ कबुलीही तेथे दिली आहे. या व्यवस्थेत सहज मताला त्याची योग्य जागा मिळते. चित्रपटातली बैलजोडी चुकीची जुंपली आहे हे माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने पहिल्याच क्षणी सांगितले होते, आणि त्या एका वाक्याने त्या चित्रपटाच्या ग्रामीणपणाचे सोंग मला समीक्षकांच्या चार परीक्षणांहून अधिक स्पष्ट दिसले. विणकराने नटीच्या शालूविषयी, परिचारिकेने पडद्यावरच्या मरणाविषयी, तमाशाच्या फडात उमर घालविलेल्या बाईने लावणीच्या नव्या अवताराविषयी जे सहज बोलावे, ते कान देऊन ऐकावे. त्यांच्या अखत्यारातले ते मत असते.

त्याच अध्यायात सिद्धीचे दोन वर्ग केले आहेत. मानुषी सिद्धी म्हणजे प्रेक्षकांच्या तोंडून व शरीरातून प्रकटणारी: स्मित, हास्य, ‘साधु’ म्हणून ओरडणे, ‘अहो’ म्हणून चकित होणे, करुण प्रसंगी हळहळणे, रोमांच, आसनावरून उठणे, अंगावरची वस्त्रे व बोटांतल्या अंगठ्या काढून देणे. आजच्या साऱ्या पसंतीच्या खुणा या यादीत कुठे ना कुठे बसतात, आणि त्यांत लज्जास्पद असे काही नाही. दैवी सिद्धी मात्र निराळी सांगितली आहे. प्रेक्षागृह भरलेले आहे, आणि तरी आवाज नाही, क्षोभ नाही. ज्यांनी हे सांगितले त्यांना हे ठाऊक होते की मत हा रसाचा नंतरचा भाग आहे. रस चालू असताना मत देण्यास कोणी मोकळा नसतो. एका तुकड्यामागून दुसरा तुकडा पाहताना आपण जे सदोदित मत देण्यास मोकळे असतो, याचा अर्थ मला असा वाटतो की त्या वेळी बहुधा आपण कशातच गुंतलेले नसतो, आणि मत देणे हा त्या रितेपणाला बुजविण्याचा उपाय झालेला असतो. मर्ढेकर सौंदर्याला लयीच्या नियमांत, संवाद-विरोध-समतोल यांत पाहत. ती लय उमगण्यासाठी तिच्याबरोबर काही काळ चालावे लागते, आणि बोट सरकविण्याच्या तयारीत असलेला माणूस चालत नसतो.

न्यायशास्त्राने वादविवादाचे तीन प्रकार केले आहेत. तत्त्व कळावे म्हणून होतो तो वाद, जिंकावे म्हणून होतो तो जल्प, आणि स्वतःचा काही पक्ष न मांडता दुसऱ्याचा मोडावा एवढ्यासाठी होते ती वितंडा. गाण्याबजावण्यावरून होणारे आजचे बहुतेक झगडे जल्पाचे किंवा वितंडेचे असतात, आणि त्यांना कंटाळूनच माणसे ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून तिन्ही दारे एकदम लावून घेतात. पहिले दार उघडे ठेवावे अशी माझी विनंती आहे. गौतमाच्या सूत्रांत वाद कोणाशी करावा हेही सांगितले आहे: शिष्याशी, गुरूशी, सहाध्यायाशी, श्रेयाची इच्छा करणाऱ्याशी, आणि ज्याच्या मनात असूया नाही अशाशी. सध्या माझा असा वाद माझ्या नातीशी चालू आहे. ‘मानापमाना’तले एक पद कोणी तरुणांनी गिटारीवर, जलद लयीत, ताना गाळून म्हटले आहे, आणि त्याचा तुकडा तिने मला ऐकविला. माझे म्हणणे असे की त्या लयीत सुरावर थांबायला जागाच उरली नाही आणि भामिनीचा मान त्या थांबण्यातच होता. तिचे म्हणणे असे, “आजोबा, पण मला शब्द पहिल्यांदा कळले.” हे तिचे म्हणणे बिनतोड आहे, कारण जुन्या गायकीत तानांच्या खाली शब्द पुष्कळदा तुटतात आणि अर्थ चाचपडत शोधावा लागतो, परंतु शब्द कळल्याने पद कळले असे होते काय, हा माझा प्रश्न तिने अजून सोडविलेला नाही. आम्ही जुनी तबकडी आणि नवा तुकडा दोन्ही पुन्हा ऐकावयाचे, आणि त्याआधी खाडिलकरांचे नाटक सबंध वाचावयाचे, असे ठरविले आहे. पहिल्या अंकापासून ती मोठ्याने वाचणार आहे.